खोकल्याची ओळख

तळोजा, १९८६

करुणाच्या बाबांना सप्रेम जय भीम.

परवाच्या पत्रात मी पॅकिंगमध्ये बसून काम करते असं लिहिलंय. ते खरं नाही. पॅकिंगमध्ये जागाच नव्हती. तुम्ही गावी गेल्यावर मुकादमाने मला तुमच्या जागी घेतलं. कच्च्या कॉफीची पोती फोडून मशीनमध्ये ओतते. धुळीत समोरचं माणूस दिसत नाही. तुमच्या छातीत हीच धूळ बसलीय, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तोंडाला पदर घट्ट बांधते, तरी आता श्वास घेताना शिट्टी वाजते.

काल कामावरून आले आणि दाराबाहेरच खोकल्याची उबळ आली. आतून करुणा ओरडली, "बाबा आले!" धावत येऊन तिने दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा पडला.

"आई, तू पण?"

"ठसका लागला गं," मी म्हटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर मला घरी बसवून तुम्ही परत त्या शेडमध्ये उभे राहाल, आणि तेवढा दम तुमच्यात उरलेला नाही. तिकडेच राहा. करुणाला मी सांगितलंय, खोकला ऐकू आला म्हणून दाराकडे धावायचं नाही.

तुमची,
यमुना