काठाचा वाटा

२ मे
आज तलावापर्यंत चालून परत आलो. चार महिन्यांपूर्वी विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसायचो. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नसेला बाहेरून फुगा गुंडाळलाय. नळी पोटातून बाहेर, तिचं टोक कमरेच्या डब्यात. डबा फुग्यात हवा भरतो, सोडतो. टक्-फुस, टक्-फुस. अट एकच, नळीची जागा कोरडी ठेवायची. पट्टी सुमन बदलते. नागपूरला पंधरा दिवस राहून शिकली. हात धुतले की दाराची कडीसुद्धा मला लावायला लावते. बायको आहे की तहसीलदार!

९ मे
मच्छीमार सोसायटीची बैठक. पाणी खाली गेलंय, सोमवारी महाजाळ ओढायचं. नियम आजोबांच्या वेळचा. घरटी एक गडी पाण्यात, त्याला पुरा वाटा. विधवा नि म्हाताऱ्यांना काठाचा वाटा, पुऱ्याच्या अर्धा. अध्यक्ष शंकरभाऊ नावं सांगत होता, सचिव म्हणून मी लिहीत होतो. काठाच्या यादीत पाचवं नाव माझं.
"तुमाले कायले पाण्यात उतरा लागते भाऊ? काठावर खुर्ची टाकून बसा न."
चांगल्या मनानं बोलला. तरी माझं नाव माझ्याच अक्षरात लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वय बावन्न. सुमनला सांगितलं नाही.

११ मे
उतरलो.
सु. सकाळीच बहिणीकडे धानोऱ्याला गेली होती. फुगा नसेच्या बाहेर आहे, म्हणून डबा थोडा वेळ बंद ठेवला तर चालतो, हे डॉक्टरांचंच वाक्य. ते अंग पुसण्यापुरतं होतं. मी डबा घरी ठेवला, नळीचं टोक बंद केलं, वरून पिशवी नि चिकटपट्टी. शंकरभाऊला म्हटलं, डॉक्टर हो म्हणाले. जाळं एका खुंटाला अडकलं तेव्हा छातीएवढ्या पाण्यात गेलो. दोर हातात आला नि खरं सांगतो, फार बरं वाटलं. लय दिवसांनी कुणी माझ्यावर ओरडलं, "ओढ न बे!"
घरी येऊन पाहतो तर पिशवीत पाणी. ओली पट्टी चुलीत टाकली, नवी स्वतःच लावली, हुबेहूब तिच्यासारखी. सु. संध्याकाळी आली. चिखल पाहून चिडली. "गुडघाभर पाण्यात होतो," म्हटलं. पुरा वाटा पाहिला नि मासे निवडायला बसली.

१७ मे
नळीभोवती लाल. दाबलं की पू.
सु. पट्टी उघडून बघतच राहिली. "माह्याच हातानं झालं. मंगळवारी शेणकामातून आली, साबण बरोबर लागला नसन."
लगेच दवाखान्यातल्या सिस्टरला फोन. सिस्टर म्हणाली, "ताई, इतकं शिकवलं होतं ना?"
"हो सिस्टर. चूक माहीच हाये."
मी शेजारी खाटेवर. डब्याचा चार्जर शोधत असल्यासारखं केलं. डबा तेवढा बोलत होता.

१९ मे
ताप. पट्टी आता गावची आशाताई येऊन करते. सु. दारातून बघते, जवळ येत नाही. ताटसुद्धा लांबून सरकवते. काल विचारलं, "काऊन अशी करून राह्यली?" म्हणाली, "माहे हात चांगले नाईत."
दवाखान्यानं रोज भरायला दिलेल्या वहीत एक रकाना आहे, पट्टी भिजली का. अकरा तारखेपुढे माझ्या सुवाच्य अक्षरात "नाही". त्यानंतर रोज "नाही".
किती हलकट आहे मी. सांगायला एक वाक्य लागतं. रोज सकाळी जुळवतो, ती चहा दारात ठेवते नि वाक्य गिळतो.

२१ मे
नागपूर. डॉक्टरसाहेबांनी तपासलं. जंतू आत फुग्यापर्यंत गेले असतील तर फुगा काढावा लागेल. फुगा काढला तर पुन्हा विहिरीपर्यंत तीनदा बसणं, तेही किती दिवस कोण जाणे.
साहेबांनी विचारलं, "पाणी लागलं होतं का? तलावाचं, विहिरीचं? तलावाच्या पाण्यातले जंतू वेगळे, औषधही वेगळं द्यावं लागतं. नीट आठवून सांगा."
मी तोंड उघडलं. सु. आधी बोलली, "पाणी नाई लागू देल्लं साहेब. गुडघ्याच्या वर गेलेच नाईत हे. माह्या हातानं झालं."
माझ्या खोट्याची ती साक्षीदार झाली. साहेब मान हलवून पुढच्या खाटेकडे गेले. तासाभरात परत येतील, औषध ठरवायला.
सिस्टरनं तिला बेसिनपाशी नेऊन पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. वॉर्डातले सगळे बघत होते. आता ती दाराशी उभी आहे, ओले हात पुढे धरून. पदराला पुसत नाही, घाण लागेल म्हणून.
हाक मारली, "सुमन, इकडं ये."
"थांबा जराक. हात वाळू द्या."