‘मी’ म्हणायचं नाही

रविवार, १८ फेब्रुवारी
दुपार

ती. स्व. दादास,

नमस्कार. वहिनींनाही सांग. त्यांचा गुडघा आता वाकतो आणि काठीशिवाय त्या गॅलरीपर्यंत जातात, हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, डॉक्टरांचं ऐका, दादाचं ऐकू नका. तुझं ऐकलं तर पुढच्या आठवड्यात त्या जिने चढत असतील.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, खरडपट्टीच ती! ‘सगळ्या जगाला रोज सकाळी बातम्या सांगायला तुला वेळ आहे, सख्ख्या भावाचा फोन उचलायला नाही. आणि वर मेसेज पाठवतेस, कामात आहे म्हणून.’ तुझा राग रास्त आहे. त्याचं उत्तर देणारच आहे, पण आधी परिषदेला गेले होते त्याचं सांगते. तेवढा धीर धर.

आमच्या धंद्यातल्या लोकांची, म्हणजे मोबाइलवर बातम्या, व्हिडिओ असं काय काय देणाऱ्यांची मोठी परिषद होती. साहेबांनी मला मुद्दाम नेलं. एका भल्यामोठ्या हॉटेलात दोन दिवस मुक्काम. गालिचे इतके जाड की माणूस चालतोय की तरंगतोय तेच कळू नये. प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला. लोक आधी बिल्ला वाचतात आणि मग तोंडाकडे बघायचं की नाही ते ठरवतात. एका वक्त्यानं तासभर बोलून सिद्ध केलं की लोक हल्ली कुणाचं तासभर ऐकत नाहीत. तू असतास तर मागच्या रांगेत घोरत पडला असतास.

जेवण उभ्यानंच. उंच गोल टेबलं, खुर्च्या नाहीत. मी बशी घेऊन एका टेबलाशी गेले. तिथल्या दोघांनी हसून जागा दिली. एकानं विचारलं, “आपण कुठे असता?”

मी फोनवर उत्तर टाइप करायला घेतलं. फोन त्यांच्याकडे वळवेपर्यंत ते दोघं तिसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागले होते. पुढच्या टेबलावर एका गृहस्थांनी मात्र थांबून वाचलं, आणि मग एकेक शब्द सुटा करत ओरडले, “तुम्हाला! सूप! आणू?”

‘मला ऐकू येतं,’ मी टाइप केलं.

“सॉरी!” ते आणखी मोठ्यानं ओरडले.

हसू आलं. पण दादा, माझ्या हसण्यालाही आता आवाज नसतो. नुसते खांदे हलतात.

तर हे असं आहे. कितीही घोळवलं तरी सांगायचं ते सांगायलाच हवं. गेल्या वर्षी माझा घसा बसला होता, आठवतं? तू ज्येष्ठमध चघळ म्हणाला होतास. चघळला, गुळण्या केल्या, आणि शेवटी तपासणीत स्वरयंत्रात गाठ निघाली. वाईट जातीची. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गाठ गेली, धोका टळला असं डॉक्टर म्हणतात, आणि माझाही त्यांच्यावर विश्वास आहे. पण आवाजही गेला. घोगरा झाला, बारीक झाला असं नव्हे. गेलाच. गळ्याला पुढे एक छोटं भोक आहे, त्यातून श्वास घेते, आणि वर रुमाल बांधते. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी दवाखान्यात माझं सगळं केलं. सख्खी बहीण करणार नाही इतकं.

तुला कळवलं नाही कारण तेव्हाच वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. हे सांगायचं कारण झालं. खरं असं की, तू धावत आला असतास, उशाशी बसला असतास, म्हणाला असतास, “काय गं, आता गप्प का?” आणि मला उत्तर देता आलं नसतं. ते मला सोसलं नसतं.

मग रोज सकाळी ऐकतोस ती कोण? ती मी नाही, दादा. माझ्या ऑपरेशनच्या आधी साहेबांनी विचारलं होतं, तुमच्या जुन्या बातमीपत्रांवरून कॉम्प्युटरला तुमचा आवाज शिकवू का? मी आनंदानं हो म्हटलं. वाटलं, गळ्यातून जातोय तर जाऊ दे, जगात तरी राहील. आता सकाळी मी गॅसपाशी चहा गाळत मुकाट उभी असते, आणि भिंतीपलीकडे शिक्षिकाबाईंच्या मोबाइलवर मी बातम्या वाचत असते. ती कधी अडखळत नाही. तिला कधी ठसका लागत नाही.

परिषदेत मला नेलं ते तिला मिरवण्यासाठी. मोठं सभागृह, गच्च भरलेलं. मंचावर मला खुर्ची, समोर लॅपटॉप. साहेबांनी माझी ओळख करून दिली, आजाराचंही सांगितलं. लोक हळहळले. मग त्यांनी बटण दाबलं, आणि माझा आवाज सभागृहभर पसरला.

“नमस्कार. आज मी खूप आनंदात आहे. मला वाटतं, मी काहीच गमावलेलं नाही.”

टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. दादा, ही वाक्यं माझी नव्हती. कुणी लिहिली, देव जाणे. मला कुणी विचारलं नव्हतं. मी काहीच गमावलेलं नाही! माझ्याच आवाजात, मला समोर बसवून!

लॅपटॉप हाताशी होता. टाइप केलं की ती बोलते, एवढं मला ठाऊक होतं. टाइप केलं आणि बटण दाबलं.

“हे मी म्हटलेलं नाही. मी खूप काही गमावलं आहे.”

पण दादा, ती हे बोलली ते ‘उद्या हवामान कोरडं राहील’ म्हणावं तितक्या गोड, प्रसन्न सुरात. सगळं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जास्त. साहेबही हसत हसत टाळ्या वाजवत होते. एवढ्या माणसांत एकालाही कळलं नाही की मी रागावले आहे. इतकी एकटी मी दवाखान्यातही नव्हते.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आले. मंचावरचं ते बोलकं यंत्र साहेबांनी कार्यक्रमानंतर माझ्या फोनवरही घालून दिलं होतं. पलंगावर बसून टाइप केलं, ‘दादा, मी बोलतेय’, आणि तुमच्या घरच्या जुन्या, नाव न दाखवणाऱ्या फोनवर नंबर लावला.

गेल्या मंगळवारी तिन्हीसांजेला तुला एक मुका फोन आला असेल. तो माझा.

“हॅलो,” तू म्हणालास. “हॅलो, कोण आहे?” मागून वहिनींनी विचारलं, कुणाचा बाई आता? तू म्हणालास, “कुणी बोलतच नाही.” माझं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर तू खूश झाला असतास, मला खडसावलं असतंस, आणि तिच्याशी गप्पा मारत बसला असतास. मला ते नको झालं. तू फोन ठेवलास. मी बराच वेळ तसाच कानाला धरून बसले.

परत आल्यावर साहेबांना लिहून दिलं. बातम्या खुशाल वाचा, माझी हरकत नाही. पण त्या आवाजानं कुठेही ‘मी’ म्हणायचं नाही. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “बाई, त्या दिवशी ते तुम्ही मनापासून म्हटलं होतंत?” मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, “तो आवाज ‘मी’ नाही म्हणणार.” बघू, शब्द पाळतात का.

आता तू. चिडला असशील, रडलाही असशील. वहिनींना एकदम सांगू नकोस, आधी त्यांचं जेवण होऊ दे.

आणि फोन कर. या वेळी मी उचलेन. पलीकडून काही ऐकू आलं नाही तरी ठेवू नकोस. तूच बोल. गुडघ्याचं सांग, घोरण्याचं सांग, हवं तेवढं रागाव. श्वास ऐकू येईल तो माझाच असेल.

वाट बघतेय.

तुझी धाकटी