सख्ख्या भावालासुद्धा न सांगितलेले सहा आकडे

उस्मानपुरा, बुधवार

तीर्थस्वरूप वच्छलाआक्कास धाकट्या गोकुळचा दंडवत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि नवी म्हैस, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (म्हशीचं आधी विचारायला हवं होतं, हे मला ठाऊक आहे.)

इकडं सगळं बरं आहे, फक्त माझा ईमेल मला आत घेत नाही. पासवर्ड बरोबर आहे (कॅलेंडरच्या मागं लिहिलाय, चुकायचा प्रश्नच नाही), पण हल्ली तेवढ्यानं भागत नाही. वरून सहा आकड्यांचा कोड लागतो आणि तो फोनवर येतो. तीन वर्षांपूर्वी हे लावताना विश्वासातल्या माणसाचा नंबर मागितला होता. माझं सिमकार्ड तेव्हा दर दोन महिन्यांनी बदलायचं, म्हणून द्वारका शेजारी भाजी निवडत बसलेली असताना मी तुझा नंबर घातला. हे तिला गेल्या रविवारी कळलं. तेव्हापासून मी जेवायला बसलो की ती मला विश्वासू माणसाकडं जायला सांगते.

त्या ईमेलात श्रेयाच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र आहे. शनिवारी पाचपर्यंत होकार गेला नाही तर जागा दुसरीला जाईल. पोरीनं दोन वर्षं यासाठी घासली आहेत, म्हणून मी तुला फोन केला. आता तुमच्या पंचायतीत येऊन, कोड सख्ख्या भावालासुद्धा सांगू नका, असं बजावणाऱ्या त्या बँकेच्या साहेबांबद्दल माझी तक्रार नाही. ते त्यांचं काम करून गेले. पण तू म्हणालीस, "सायबांनी भावाचं नाव घेऊन सांगितलंय, अन् तू तर भाऊच हायेस." मग द्वारकेला बोलायला लावलं, तर तू म्हणालीस, मागून भाऊच बोलतोय.

सोमवारी मी स्वतः फुलंब्रीला आलो. तू वांग्याचं भरीत, भाकरी, वर दही असं पोटभर जेवू घातलंस, त्याबद्दल आभार. फोन मात्र तू ज्वारीच्या कोठीत ठेवलास आणि कोठीवर बसलीस. कोड पाच वेळा आला, पाचही वेळा मला खालून वाजलेला ऐकू आला. त्यानंतर ईमेलनं मला उद्या या म्हणून सांगितलं. परतीच्या एसटीत मला तुझा राग आला होता, खोटं कशाला लिहू.

हे पत्र रोज शहरात दूध घालायला येणाऱ्या सखारामच्या हाती पाठवतो, कारण माझा फोन तू उचलत नाहीस.

तुझा,
गोकुळ

ता. क. खरी विनंती ही, की कोड मला सांगूच नकोस. श्रेयाला सांग. साहेबांनी भाचीचं नाव घेतलेलं नाही.

ता. क. २. पत्र चिकटवण्याआधी श्रेयानं वाचलं. ती म्हणते, काल संध्याकाळीच तिनं तुला फोन केला आणि तू, "भाचीचं कुणी काय बोललं नाय," म्हणत एका दमात सहाही आकडे सांगितलेस. होकार गेला, जागा पक्की झाली. फक्त भावाला कळू द्यायचं नाही असं तुमचं ठरलं होतं. लई बरं वाटलं, आक्का.

ता. क. ३. श्रेया विचारत होती, आता तिथं आईचा नंबर घालू का. मी नको म्हटलं. द्वारका मला लगेच कोड सांगून टाकेल.