टकळीचा कल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. प्रत्यक्षात कमरेत उसण भरली आहे. कशी, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का, की अजूनही फोन उचलल्यावर तुझ्याआधी तोच बोलतो? इकडे आम्ही मजेत. आबाही ठणठणीत आहेत, फक्त कानातलं यंत्र डबीत ठेवून असतात, वापरलं तर झिजेल म्हणून. तुला ही किरकोळ बाब वाटेल, पण पुढचं सगळं रामायण त्या डबीतूनच निघालं आहे.

तर आपली टकळी आता पहिलीत जाणार. घरात तिची जीभ कशी चालते ते तू जाणतेसच. भिंतीशी बोलते, चपलांशी बोलते, आणि तिच्या कापडी अस्वलाला तर बिचाऱ्याला मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नसते. पण अनोळखी माणूस समोर आला की हिच्या तोंडाला कुलूप. पहिल्या शाळेत तिला नाव विचारलं, तर ती पंख्याकडे बघत बसली, जणू उत्तर पंखाच देणार आहे. दुसऱ्या शाळेत मला राहवेना, म्हणून मी मागून हळूच उत्तरं पुरवत गेलो. रंग सांगितले, फळं सांगितली, एक कविताही म्हटली. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, तुमची तयारी उत्तम आहे, पण आमच्याकडे जागा पहिलीची आहे. बाहेर आल्यावर पोरीने माझा हात घट्ट धरला आणि मला कुठलीच शाळा घेणार नाही का, असं अगदी बारीक आवाजात विचारलं. ताई, मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर बसून अख्ख्या शहराची बोलणी खातो, मला कशाचं काही वाटत नाही. पण त्या प्रश्नाने मी पार ढेपाळलो.

तेव्हा कचेरीतल्या शेजाऱ्याने सुचवलं की शाळा निवडून देणाऱ्या एक सल्लागारबाई आहेत. (हल्ली सगळ्याचे सल्लागार असतात. झोपायचं कसं याचेही आहेत म्हणे.) तुझ्या भावजयीने फोन करून वेळ ठरवली आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं की बाई आधी मुलीचा कल काढतात, मग शाळा सुचवतात. यंत्र डबीत असल्यामुळे आबांच्या कानापर्यंत पोचली ती 'कळ'. कोणी परकी बाई आपल्या नातीची कळ काढणार आणि वर त्याचे पैसे घेणार, हे ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. मग नातीला गॅलरीत नेऊन त्यांनी पक्कं पढवलं, की ती बाई गोड हसेल, चित्रं दाखवेल, तू भुलू नकोस, एकाला दोन ऐकव. हे आम्हाला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर.

बाईंची कचेरी म्हणजे दाताच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या. पालकांनी मुलांच्या पातळीवर यावं असं त्यांचं मत असल्यामुळे मला वीतभर उंचीच्या लाल खुर्चीत बसवलं. (उसण ती हीच. उठताना खुर्चीही माझ्याबरोबर उठली.) आम्हाला मुलीकडून काय अपेक्षा आहेत, असं विचारलं. मी म्हणालो, आनंदी राहावी. तुझी भावजय म्हणाली, डबा संपवावा. मग बाईंनी टकळीसमोर एका घराचं चित्र ठेवलं आणि गोड हसल्या. झालं, आबांनी सांगितलेली खूण पटली. पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, या घराला दार आहे, पायरी नाही, मग माणसं काय उड्या मारतात? बाई चमकल्या. त्यांनी दुसरं चित्र काढलं, तर त्यातल्या मांजरीला मिशा एकाच बाजूला का, यावर त्यांना फैलावर घेतलं. तुमची खुर्ची सारखी कुरकुरते, आधी तिला शाळेत घाला, असंही सुनावलं. मी खजील होऊन जमिनीकडे बघत होतो, आणि बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. आणि माझी मुलगी, ताई, परक्या खोलीत, परक्या माणसासमोर, घरातल्यासारखी घडाघडा बोलत होती. मला इतका आनंद झाला की मी उसण विसरून उभा राहिलो. (लगेच आठवली.)

बाई म्हणाल्या, हिचा कल स्वच्छ आहे, हिला उलट प्रश्न विचारू देणारी शाळा हवी. तशी एकच शाळा त्यांच्या माहितीत आहे. तिचं नाव ऐकल्यावर मी प्यायला पाणी मागितलं.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. ती शाळा तुझी. मुख्याध्यापिका शिस्तीच्या कडक पण मनाच्या मोकळ्या आहेत, मात्र ओळख सांगत गेलात तर दारातूनच परत पाठवतात, असंही बाई म्हणाल्या. ते मला कोणी सांगायला नको. तुझ्या सख्ख्या दिरांना परत येताना मी पाहिलं आहे, म्हणून तर आजवर तुझ्या वाटेला गेलो नव्हतो. येत्या सोमवारी आम्ही रांगेतूनच येतोय. तू आम्हाला ओळखत नाहीस, आम्ही तुला ओळखत नाही.

ता. क. दुसरा. घोळ असा झाला आहे, की तिथे आत्या नसेल, मोठ्या बाई असतील, त्यांना ओळखायचं नाही, असं टकळीला बजावल्यापासून तिने पुन्हा तोंड शिवलं आहे. मोठ्या बाई कोण, असं विचारलं की पंख्याकडे बघते. म्हणून ताई, ओळख नको, वशिला नको, फक्त एक कर. तिचं अस्वल बरोबर असेल. ते पहिलीत बसण्याइतकं हुशार दिसत नाही, एवढंच म्हण. थोडक्यात, तिची कळ काढ.

ता. क. तिसरा. आबांना यंत्र लावून कल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, यंत्र काढून डबीत ठेवलं आणि म्हणाले, सोमवारी मीही येतो, माझ्या लेकीला एकटीला ही नात आवरायची नाही.