मुकी नव्हती आई

९ मार्च २०१३
फिल्म क्लबात तैवानची जुनी फिल्म. चार नवख्या दिग्दर्शकांच्या चार गोष्टी, मिळून एक सिनेमा. तिथली नवी लाट तिच्यापासून धरतात म्हणे. नंतर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना आमचा मित्र सुधीर म्हणाला, आपणही चौघं आहोत की. तो, मी, त्याच्या बँकेतले दोघं. घरी चोआ चू कांगला पोचेपर्यंत माझी गोष्ट ठरली. आई. पुण्याहून आलीय, रोज ब्लॉकखाली चिनी आज्यांशी बिनधास्त मराठीत बोलते. त्या हसतात, त्यांच्या भाषेत उत्तर देतात.

२१ एप्रिल
माझं शूटिंग संपलं. आई कॅमेऱ्याला बुजत नाही. उलट मलाच सांगते, उजेड गेला, उद्या ये. शॉट्स सुधीरला दिले, एडिटिंग तोच करणार. आईचा आवाज वेगळा घेतलाय, तो अजून द्यायचाय.

३० जून
आई गेली. पुण्याला परतून महिनाही

१० ऑगस्ट
सुधीर भेटायला आला. तुझी गोष्ट आता घाईने करायला नको म्हणाला. बरं वाटलं मला, मूर्खासारखं.

१४ सप्टें.
फिल्म दाखवली. चारऐवजी तीनच गोष्टी. सुधीरच्या गोष्टीत आई. माझे शॉट्स, तिचे ओठ हलतायत आणि वर हा इंग्रजीत बोलतोय: परक्या शहरात मुकी झालेली म्हातारी.
मुकी.
कुणीतरी विचारलं, या बाई कोण? "शेजारची एक आजी," सुधीर म्हणाला. माझ्याकडे न बघता. शेजारी बसलेली माझी लेक इरा हळूच म्हणाली, "दॅट्स माय आजी, व्हॉट."
टाळ्या.

१७ सप्टें.
मंदार म्हणतो, सोडून दे, मित्र आहे. नवऱ्याला सोपं आहे म्हणायला. ऑफिसात, MRT ट्रेनमध्ये, भाजी चिरताना मनात सुधीरशी भांडतेय. रोज नवं वाक्य सुचतं, रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट.

५ ऑक्टो.
सुधीरची फिल्म तैपेईच्या महोत्सवात घेतलीय. शॉट्स माझे, म्हणून माझा होकार लागतो. फोनवर काय गोड बोलत होता. म्हटलं, उद्या लिटिल इंडियात भेट.

६ ऑक्टो.
डोसा यायच्या आधीच हेडफोन त्याच्या हातात दिले. आईचा आवाज. चिनी आज्यांना सांगतेय, "तो सुधीर येतो, पोटभर जेवतो. पण माझं बोलणं संपायच्या आत फोन बघतो."
सबंध ऐकवलं. चेहरा बघत राहिले त्याचा. फार बरं वाटलं.
मग म्हटलं, "तुझा आवाज काढ, आईचा घाल. नाहीतर होकार नाही."
"मग माझं काय उरलं त्यात?"
"तेच बघायचंय मला."
बिल देऊन निघून गेला. डोसा तसाच.

१२ ऑक्टो.
सुधीरचा मेसेज. आवाज काढणार नाही, पण आईचं नाव घालतो, तुझंही. उद्या कळव.
मंदार म्हणाला, "नाही म्हणालीस तर आईंना कुणीच बघणार नाही." खरं आहे. आणि हो म्हणाले तर परक्या देशात सगळे तिला मुकी समजणार.
पण मघापासून मी आईचा विचारच करत नाहीये. होकार मिळाला नाही तर त्याचं तोंड कसं दिसेल, तेच बघतेय.