सापळ्यात किडे निरंक

मु. पो. दिघोरी, ता. लाखांदूर
१९ सप्टेंबर २०२५

मनालीच्या आईस,

सप्रेम जयभीम. माझा खोकला गेला. भाकरी जमायला लागली आहे, गोल होत नाही पण शिजलेली असते. बीपीची गोळी सकाळी न चुकता घेतो. हे तीन प्रश्न तू फोनवर विचारतेस आणि लगेच फोन टीनाच्या हातात देतेस. नातीशी बोलायला मला आवडतंच, पण चार वर्षांच्या पोरीला मी तुडतुडे किती समजावून सांगणार? म्हणून पत्र लिहायला बसलो. हसू नकोस. आपल्या लग्नाआधी तुला दोन पत्रं लिहिली होती, त्यानंतर हे तिसरं.

परसरामशी शेत ठेक्यानं द्यायचं बोलणं झालं का, असं तू परवा विचारलंस. त्याचं पुढं लिहितो. आधी आज काय घडलं ते ऐक, कारण ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

रिटायर होऊन जवाहरनगरचं क्वार्टर सोडलं तेव्हा आपलं ठरलं होतं की मी एक खरीप इथं काढायचा, बाबांच्या धानाच्या बांध्या एकदा स्वतःच्या हातानं करून पाहायच्या, आणि दिवाळीला त्या ठेक्यानं देऊन नागपूरला मनालीकडे, तुमच्यात यायचं. आता ज्या माणसाचा जन्म फॅक्टरीच्या तपासणी विभागात गेला, त्याला रोवणी झाल्यावर काय सुचणार? तपासणीच. कृषी खात्याच्या भावना मॅडम गावात आल्या, धानावरची कीड वेळेवर कशी ओळखायची ते सांगितलं आणि म्हणाल्या, प्रकाश सापळा कोणी सांभाळेल का? बाकीचे एकमेकांकडे बघेपर्यंत माझा हात वर होता.

सापळा म्हणजे फार काही नाही. बांबूला पिवळा दिवा, खाली पसरट टब, टबात पाणी. रात्री किडे दिव्यावर येतात आणि पाण्यात पडतात. सकाळी कोणती कीड किती पडली ते गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं. आकडा चढायला लागला की समजायचं, बांधीत उतरून पाहायची वेळ झाली. पाण्यात थोडं रॉकेल घालतात म्हणे, पण ते आता मिळतं कुठं? मी नुसतं पाणी ठेवलं आणि सापळा आपल्या घरामागच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा केला.

रोज सकाळी पाहतो तर टबात काही नाही. स्वच्छ, चकचकीत पाणी. मी ग्रुपवर लिहायचो, 'सापळ्यात किडे निरंक.' हा ऑफिसातला शब्द लोकांना इतका आवडला की परसराम मला रस्त्यात 'निरंक साहेब' म्हणून हाक मारायला लागला. मी छाती काढून फिरत होतो. माझ्या भरवशावर कोणी बांधीत वाकून पाहिलं नाही, आणि मीही नाही. वरून धान असं हिरवंगार की त्याचा फोटो तुला पाठवला होता. तू त्याला नुसता अंगठा दाखवलास.

फॅक्टरीत नव्या पोरांना मी एक गोष्ट सांगायचो. मालात रोज शून्य दोष निघत असेल तर माल बाजूला ठेवा आणि तपासणाऱ्याला तपासा. स्वतःच्या बाबतीत ही गोष्ट आठवायला मला सप्टेंबर उजाडला. पावसाळ्यात दिव्याखाली एक पाखरू पडत नाही, हे शक्य तरी आहे काय? म्हणून आज फटफटायच्या आत उठलो आणि मागचं दार उघडलं.

शेजारची शकुबाई माझ्या टबावर वाकून उभी. हातात पिठाची चाळणी. पायाशी तिच्या कोंबड्या अशा दाटीनं जमलेल्या की रोजची पंगत असावी.

"शकुबाई, काय करून राहिली?"

"काय करतो? तुमचं भांडं साफ करून राहिली. रोजच करतो."

"रोज?"

"तं काय सडू देऊ? तुमी उठता उशिरा. किडे कोंबड्यायले होते, पाणी बदलवून देतो. अन् भाऊ, एक सांगू काय? तो बलब बदलवा. त्याच्यानंच किडे येते."

तिच्यावर रागवणार होतो, पण तिचं काय चुकलं? मी सापळा लावला, पण तो कशासाठी आहे हे शेजारणीला सांगायचं मला सुचलं नाही. आणि गंमत ऐक. कोंबड्या सध्या चांगली अंडी देतात म्हणून ती मला मधूनमधून अंडी आणून द्यायची. म्हणजे एवढे दिवस पुराव्याचं आम्लेट करून मीच खात होतो.

चाळणीत पाहिलं तर खोडकिडीचे पतंग होते, दोन भुंगे होते आणि बाकी सगळे तिळाएवढे तपकिरी तुडतुडे. ढीगभर. मी चप्पल तिथंच टाकली आणि बांधीत उतरलो.

आता हे नीट वाच. तुडतुडा वर पानावर बसत नाही. तो एका जागी रोवलेल्या रोपांच्या चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरासा वर बसून रस ओढतो. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला धान हिरवंच दिसतं, आणि मग एक दिवस मधोमध गोल चट्टा दिसतो, कोणी निखारे ओतल्यासारखा. चट्टा दिसला तोवर उशीर झालेला असतो, आणि आपलं धान तर आता पोटरीत आहे, लोंब्या फुटायच्याच आहेत. मी एक चूड वाकवला आणि त्याला थापटी मारली. पाण्यावर तीळ सांडावेत तसे पडले. एका चुडात दहाच्या आत असते तर घाबरायचं कारण नव्हतं. मी मोजणं सोडून दिलं.

भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण खरं सांगू? आधी आनंद झाला. जन्मभर मी निर्जीव मालातले दोष शोधले. ते जिथल्या तिथं पडून असायचे. हा पठ्ठ्या सरकतो. बोट उजवीकडून न्यावं तर हा तिरका चालत डावीकडे जातो, डावीकडून न्यावं तर चुडाच्या मागं. माझ्या वयाच्या माणसानं गुडघाभर चिखलात उभं राहून किड्याशी लपाछपी खेळावी, असं मला कोणी फेअरवेलच्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

भावना मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन आला. म्हणाल्या, आधी बांधीतलं पाणी काढा, नुसती ओल राहू द्या. युरिया बंद. ओळी फाकवून बुडाशी ऊन-वारा जाऊ द्या. औषधाची घाई करू नका, आधी सगळीकडे मोजा. चुडात कोळी दिसले तर ते तुमच्याच बाजूचे आहेत, त्यांना मारू नका.

पाणी काढणं बोलायला सोपं. आपल्या बांधीचं पाणी परसरामच्या बांधीत उतरतं, त्याचं त्याच्या खालच्याच्या. मी एकट्यानं काढून भागत नाही. आणि बोडीत साठवलेल्या पाण्याची इथं पाळी असते, पाळीवरून माणसं वर्षभर अबोला धरतात, हे तुला मी काय सांगू.

परसराम म्हणाला, "पाळी लावून घेतलेलं पाणी काढाले सांगता? कालवरी तं निरंक होतं तुमचं."

"माहं चुकलं. शकुबाईच्या कोंबड्यायनं खाल्ले किडे."

"ऊन लागलं काय गुलाबभाऊ तुमाले?"

मी वाद घातला नाही. घरून जर्मनची थाळी आणली, त्याला त्याच्याच बांधीत मधोमध नेलं, थाळी चुडाच्या बुडाशी धरली आणि म्हटलं, तूच थापट. त्यानं थापटलं. थाळीचा तळ दिसेनासा झाला. तो तसाच घरी गेला आणि फावडं घेऊन आला.

दुपारपर्यंत आमच्या अख्ख्या रांगेतल्या बांध्यांचे धुरे फोडून झाले. गावातल्या बायका आपापल्या थाळ्या घेऊन बांधीत उतरल्या. कोणी थापटतंय, कोणी ओरडून आकडा सांगतंय, मी धुऱ्यावरून लिहून घेतोय. शकुबाई सगळ्यांच्या पुढं. मला म्हणते, "माह्या कोंबड्या उपाशी राहतीन आता, भाऊ." इतकं मी किती दिवसांत हसलो नव्हतो.

उद्या पुन्हा मोजायचं आहे. टीनाचा एक पापा घे.

मनालीचे बाबा


२४ सप्टेंबर

पत्र टाकायचं राहून गेलं. बरं झालं, निकाल कळवता येतो. तुडतुडे उतरले. आपल्या बांधीत आता चुडामागं चार-पाचच्या वर दिसत नाहीत, आणि कोळ्यांची चंगळ आहे. परसरामच्या एका कोपऱ्यात बुडाशी औषध मारावं लागलं, तिथं चटईएवढा चट्टा पडला तेवढाच. तो चट्टा पाहायला माणसं येतात आणि बाकीच्या धानाकडे पाहून परत जातात. सापळा चालू आहे. आधी मी मोजतो, मग कोंबड्या खातात, असं शकुबाईशी ठरलं आहे. शेजारच्या गावातली तिघं काल सापळा पाहून गेली, आणि पुढच्या खरिपात आमच्याकडे येऊन लावून द्याल काय, असं विचारत होती.

मी हो म्हणालो. म्हणून गेल्यावर लक्षात आलं की पुढच्या खरिपात मी इथं नसणार आहे.

ठेक्याचं पुढं लिहितो म्हटलं होतं. परसरामशी मी बोललेलोच नाही. काल त्यानंच विषय काढला, "दिवाळीले देता ना बांध्या?" आणि मी त्याला थाळी धुवायला लावली. फोनवर तू विचारतेस तेव्हा मी खोकल्याचं सांगतो. माझा खोकला ऑगस्टमध्येच गेला होता, सुलोचना.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. त्या सकाळी पहिला चूड वाकवला आणि ते सगळे तुडतुडे दिसले, तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो, "सुलोचना, इकडे ये, पाह्य तं." भर बांधीत, जशी तू धुऱ्यावरच उभी आहेस. हाक मारून झाली आणि मग मला कळलं. परसराम पलीकडे गवत कापत होता. त्यानं ऐकलं, मान वर केली नाही, आणि आजवर त्यावरून एकदाही चिडवलं नाही. एरवी तो कशावरून चिडवत नाही?

ड्यूटीवरून घरी आलो की आज काय सापडलं हे मी तुला सांगायचो. तू भाजी निवडता निवडता ऐकायचीस, कधी ऐकायचीही नाहीस. मला वाटायचं, मजा शोधण्यातच आहे. आता रोज काहीतरी सापडतं आणि मी मागं वळतो, तर मागं कोणी नसतं. मला तुझ्यावाचून इथं करमत नाही. हे एवढं साधं वाक्य, पण चाळीस वर्षांत मी तुला म्हटल्याचं आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आणि तू इथं ये असं कोणत्या तोंडानं म्हणू? लग्नानंतरच्या पहिल्या रोवणीत तुझ्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. संध्याकाळी तू चुलीपाशी पाय शेकत बसायचीस आणि आईला कळू नये म्हणून कण्हायची नाहीस. क्वार्टरमध्ये पहिल्यांदा घरातला नळ सोडलास तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. आता तिथं टीना आहे, रविवारी विहारात बायकांना वाचायला शिकवतेस, त्या तुला बाई म्हणतात. मनाली सांगत होती की रविवारची तयारी तू शुक्रवारपासून करतेस. माझा आनंद या बांधीत आहे, तसा तुझा तिथं आहे. मला पुढची रोवणी इथं करायची आहे आणि मला तू जवळ पाहिजेस. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला एकट्याला जमलं नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर मी येतोच आहे. वंदना झाली की पोरांना पुढं जाऊ दे. आपण दोघं कुठं तरी सावलीत बसू. मी काही ठरवून आणत नाही. तू म्हणालीस नागपूर, तर परत येऊन परसरामला बांध्या देईन, आणि तोंड पाडून बसणार नाही. दुसरं काही सुचवलंस तर ऐकेन. नाहीच म्हणायचं असेल तर तेही म्हण, पण स्वतः म्हण. मनालीच्या हाती निरोप देऊ नकोस. तुझं नाही मला सोसेल. फोनवरचं ते 'बरं, ठेवते' आता सोसत नाही.

हे पत्र आज लाखांदूरला जाऊन स्पीड पोस्टानं टाकतो. एकटी असशील तेव्हा वाच.

तुला हाक मारणारा,
गुलाब