पडद्याचं माप

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्याच शब्दांत 'हाताबाहेर गेलेल्या' भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का, की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे तुझी भावजय मजेत आहे आणि मी घाबरलेलो आहे. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस, टेबल हलतंय. (टेबल भक्कम आहे. पण पुढे वाच.)

मागच्या आठवड्यात माझ्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी निघाली. 'दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक, दवाखान्यामागचा जिना, वरची खोली, गुरुवारी सहा वाजता.' कोणी घातली असेल? माझा संशय समोरच्या चप्पलवाल्यावर आहे, कारण तो हल्ली माझ्याकडे फार प्रेमानं बघतो. गेल्या वर्षी तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी सोडल्याची शपथ घेतली, ती तुला आठवत असेलच. (ती पंधरा दिवस पाळली. तुझं डोकं अजून शाबूत आहे, याचा मला मोठा आधार वाटतो.) चिठ्ठी फाडायला घेतली, पण हातच असा थरथरत होता की धड फाडताही येईना.

तर मुद्दा हाताचाच आहे. सकाळी दोरा सुईत जात नाही, ताई. तुझी भावजय रोज चहाच्या आधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते आणि एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. परवा एका गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेताना टेप त्याच्या मानेवर अशी नाचायला लागली, की त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, कापड उचललं आणि निघून गेला. मला भीती वाटते. शिंप्याचे हात गेले तर त्याच्याकडे उरतं काय?

म्हणून गुरुवारी गेलो. जिन्याच्या चार पायऱ्या चढून दोनदा परत आलो, मग जिन्याखाली अंधारात उभा राहून वर जाणारे पाय बघत बसलो. तिथे म्हणे कोणी नाव सांगत नाही. पण शिंप्याला नाव कशाला हवं, मी पँट बघून माणूस ओळखतो. बँकेतल्या कॅशियरची राखाडी पँट वर गेली (कंबर मीच दोनदा सैल केली आहे) आणि माझी पाचावर धारण बसली. मला त्याची पँट कळली, तर त्याला अख्खा मी कळणार नाही? तरी कसा कोण जाणे, वर पोचलो. गोल मांडलेल्या आठ-दहा खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली आणि एक रिकामी खुर्ची, जी माझ्याकडेच बघत होती.

आता तुझ्या भावाची अक्कल ऐक. दुकानातून निघताना टेप गळ्यातच राहिली होती. किटलीजवळ बसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई ती टेप बघून म्हणाल्या, पडद्याच्या मापाला आलात का, बरं झालं, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. मी हो म्हणालो. इतक्या चटकन मी जन्मात कुठलं काम घेतलेलं नाही. मग स्टुलावर चढलो, सगळ्यांकडे पाठ केली आणि खिडक्या मोजायला लागलो. चांगला तासभर मोजल्या. पाठीमागे एकेक जण बोलत होता आणि मी लांबी-रुंदी पुटपुटत होतो, म्हणजे ऐकू येणार नाही. ऐकू यायचं ते आलंच. कॅशियर म्हणाला, "सकाळी सही करताना उजवा हात डाव्या हातानं धरायचो. मग सही नीट यावी म्हणून टेबलाखाली बाटली ठेवायला लागलो."

माझ्या हातून टेप पडली. (माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डब्यामागे काय आहे, ते तुला सांगायला नको.) कोणी हसलं नाही. कॅशियर उठला, टेप उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "घाई नाही टेलर. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी घेऊन या." नुसत्या पडद्याबद्दल कोणी इतक्या मायेनं बोलत नाही.

पडदा शिवून झाला. एका बाजूनं चार बोटं आखूड आहे. तुझ्या भावजयीला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. झाकली मूठ झाकलेलीच बरी. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तिथलं स्टूल फार डगमगतं. पडदा लावताना कोणी धरायला हवं. शेवटच्या गुरुवारी येशील? तासभरच लागेल.

ता. क. वर खिडक्या लिहिलं आहे. खिडकी एकच आहे. तासभर तीच मोजत होतो. स्टूलही तसं डगमगत नाही. तरी ये.

वन्सं, नमस्कार. हे पत्र चार दिवस यांच्या ड्रॉवरमध्ये, त्या डब्यामागेच पडून होतं. यांचं अक्षर तुम्हाला लागलं नसतं, म्हणून मी उतरवून काढलं. एक शब्द बदललेला नाही. चप्पलवाल्याचा काही दोष नाही, चिठ्ठी मी ठेवली होती. आणि सुया दहा नाहीत, बारा असतात. दोन यांच्या हातून रोज पडतात, त्या मी संध्याकाळी झाडताना वेचते. गुरुवारी तुम्ही यांच्याबरोबर वर जा. मी खालच्या पायरीवर बसते. परत उतरायचं झालं तर मला ओलांडून जावं लागेल, आणि तेवढं धाडस यांच्यात नाही.